आधी वर्गणी, मग कमान: टोरांटोच्या ब्लूर रस्त्यावरून आपल्या पेठेने काय उचलावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावातली जुनी मुख्य पेठ, साधारण १८० दुकानं. बाह्यवळण रस्ता झाला, त्यावर मोठी दालनं उघडली आणि पेठेतलं गिऱ्हाईक आटलं. संघटनेच्या बैठकीत कोणीतरी सांगितलं की कॅनडात, टोरांटो शहरात ब्लूर वेस्ट व्हिलेज नावाच्या बाजारपेठेतल्या दुकानदारांनी एकत्र येऊन आपली पेठ सावरली. त्यांनी नेमकं काय केलं, आणि आपण पेठेच्या तोंडाशी कमान व दोन्ही बाजूंना एलईडीच्या माळा लावून सुरुवात केली तर चालेल का?

कमानीचं आधी सांगतो: नको. कायमची नको असं नाही, पण पहिली नको. कमान उभी राहते, उद्घाटनाचा फोटो निघतो, आणि सहा महिन्यांनी तिच्यावरचा दिवा गेला की तो बदलायला कोणाकडे पैसे नसतात. तुमची खरी अडचण सजावटीची नाहीच. माळांचा उजेड पैसे देणाऱ्याच्या दारात पडतो तेवढाच न देणाऱ्याच्याही दारात पडतो. मग पुढच्या वर्षी देणाराही हात आखडता घेतो. ब्लूर रस्त्यावरच्या दुकानदारांनी सोडवला तो हा प्रश्न. दिवे, बाकं, झाडं हे सगळं त्यानंतर आलं, आणि त्यामुळेच टिकलं.

ब्लूर हा टोरांटोचा पूर्व-पश्चिम जाणारा लांबलचक रस्ता. शहराच्या पश्चिमेला, हाय पार्क या मोठ्या उद्यानाच्या पलीकडे, रनीमीड आणि जेन या दोन आडव्या रस्त्यांच्या आसपासचा तुकडा म्हणजे हे व्हिलेज. दोन-तीन मजली इमारती, खाली दुकान, वर बिऱ्हाड, दर्शनी भाग अरुंद आणि आत खोली जास्त. थंडी आणि बर्फ सोडले तर रचना आपल्या पेठेला परकी नाही.

१९६०च्या दशकात या तुकड्याला दोन बाजूंनी मार बसला. एक, छपराखालचे आणि भरपूर पार्किंगचे मॉल. यॉर्कडेल हा मोठा मॉल १९६४ साली उघडला, आणि पश्चिमेकडचा शेरवे गार्डन्स १९७१ साली आला. दुसरा मार थोडा अनपेक्षित होता: भुयारी रेल्वे. त्याआधी ब्लूर रस्त्यावरून ट्राम धावत. खिडकीत बसलेल्या माणसाला दुकानांच्या काचा दिसत, वाटलं तर तो पुढच्या थांब्यावर उतरे. १९६६ साली भुयारी मार्ग कील स्थानकापर्यंत आला आणि मे १९६८ मध्ये रनीमीड व जेन स्थानकं उघडून मार्ग आणखी पश्चिमेकडे गेला. ट्राम बंद झाल्या. रोज डोळ्यांसमोरून जाणारं गिऱ्हाईक आता जमिनीखालून जाऊ लागलं. तुमच्या बाह्यवळण रस्त्याने केलं ते हेच. माणसं गावातच आहेत, फक्त तुमच्या दारावरून जात नाहीत.

त्याच भुयाराने एक उपकारही केला आणि तो सांगितल्याशिवाय ही गोष्ट पूर्ण होत नाही. बोगदा ब्लूर रस्त्याच्या बरोबर खालून न नेता थोडा उत्तरेकडून, दुकानांच्या मागच्या अंगाने नेला. वरून जमीन खोदून, बोगदा बांधून पुन्हा झाकायची पद्धत असल्यामुळे त्या पट्ट्यातली घरं पाडावी लागली. झाकलेल्या जागेवर जड बांधकाम करणं सोपं नव्हतं, म्हणून तिथे बऱ्याच ठिकाणी सार्वजनिक वाहनतळ झाले. मुख्य रस्त्यावर दुकानं आणि पाठीमागे, शंभर पावलांवर, पार्किंग. ही सोय संघटनेने केलेली नव्हती, तिला ती आयती मिळाली. नुसत्या ‘एकीच्या बळाने’ पेठ सावरली असं सांगणारे हा भाग गाळतात.

आता मुख्य गोष्ट. या भागात व्यापाऱ्यांची संघटना आधीपासून होती, ऐच्छिक वर्गणीवर चालणारी. काही जण देत, बाकीचे त्यांच्या जिवावर फायदा घेत. १९६७ साली या व्यापाऱ्यांनी एक समिती नेमली आणि तिला एकच प्रश्न दिला: ठरलेल्या हद्दीतल्या प्रत्येक व्यवसायाला वर्गणी सक्तीची करता येईल का? तत्कालीन कायद्यात तशी सोय नव्हती. म्हणून त्यांनी महापालिकेमार्फत प्रांत सरकारकडे पाठपुरावा केला. १९६९च्या अखेरीस ऑन्टारिओ प्रांताने नगरपालिका कायद्यात दुरुस्ती केली आणि १९७० साली टोरांटो महापालिकेने उपविधी करून ‘ब्लूर-जेन-रनीमीड सुधारणा क्षेत्र’ जाहीर केलं. जगातलं पहिलं ‘बिझनेस इम्प्रूव्हमेंट एरिया’, म्हणजे बीआयए, ते हेच. पहिलं अंदाजपत्रक ४७,५०० डॉलरचं होतं. त्यातून दिवे, फुलझाडांच्या कुंड्या, बाकं आणि सणसमारंभ झाले. आज एकट्या टोरांटोत अशी ८०हून जास्त क्षेत्रं आहेत.

समिती नेमण्यापासून उपविधी होईपर्यंत तीन वर्षं गेली आणि त्या काळात रस्त्यावर दिसण्यासारखं फारसं काही झालं नसणार. तुमच्या सभासदांना तीन महिन्यांत काहीतरी दिसायला हवं असतं, हे मला ठाऊक आहे. त्यावर पुढे बोलू.

या यंत्रणेचे खिळे-बिजागऱ्या नीट पाहा, कारण उचलण्यासारखं तिथेच आहे. सध्याच्या ऑन्टारिओच्या कायद्यानुसार क्षेत्राची चतुःसीमा आधी ठरते. मग त्या सीमेतल्या व्यावसायिक मालमत्ता ज्यांच्या नावावर आहेत त्या प्रत्येकाला टपालाने नोटीस जाते. जागेचा कर भाडेकरू भरत असेल तर मालकाने नोटिशीची प्रत ३० दिवसांत त्याला द्यायची असते. आक्षेप नोंदवायला ६० दिवस मिळतात. नोटीस मिळालेल्यांपैकी किमान एक-तृतीयांश लोकांनी लेखी विरोध केला, आणि त्या विरोधकांच्या वाट्याला क्षेत्रातल्या व्यावसायिक कराचाही किमान एक-तृतीयांश भाग येत असेल, तरच प्रस्ताव बारगळतो. दुहेरी कसोटी अशासाठी की चार मोठ्या मालकांनी शंभर लहानांना अडवू नये, आणि कराचा थोडाच वाटा भरणाऱ्या शंभर लहानांनीही एकट्याच्या बळावर प्रस्ताव पाडू नये. मतदानात मात्र एका सभासदाला एकच मत, त्याची दुकानं कितीही असोत.

वर्गणी महापालिका करासोबत गोळा करते आणि क्षेत्राचा कारभार पाहणाऱ्या मंडळाकडे सुपूर्त करते. दारोदार पावती पुस्तक घेऊन फिरायचं काम संपलं. संघटनेचा निम्मा जीव वसुलीत जातो हे तुम्हाला सांगायला नको. अंदाजपत्रक दरवर्षी सभासदांच्या सभेत मांडायचं, मग महापालिकेकडे. महापालिका ते पूर्ण किंवा काही भाग मंजूर करू शकते, पण त्यात स्वतःचा खर्च घुसडू शकत नाही. मंडळाला कर्ज काढता येत नाही. मंजूर नसलेला खर्च करता येत नाही. मंडळावर महापालिकेचा किमान एक प्रतिनिधी असतो आणि बाकीचे सभासदांनी निवडलेले.

एक शब्दप्रयोग मला त्या कायद्यातला सगळ्यात मोलाचा वाटतो. सार्वजनिक जागेची सुधारणा आणि देखभाल मंडळाने करायची ती महापालिका सर्वसाधारणपणे आपल्या खर्चाने जेवढी करते ‘त्याच्या पलीकडची’. म्हणजे झाडू मारणं महापालिकेचंच काम. मंडळाने दुपारची जादा फेरी लावावी. हे लिहून ठेवलेलं नसेल तर काय होतं? संघटना झाडायला लागते, हळूहळू नगरपरिषदेचे सफाई कामगार दुसऱ्या प्रभागात पाठवले जातात, आणि वर्षभराने दुकानदार घरपट्टीही भरतो आणि झाडूवाल्याचा पगारही. मोठ्या भांडवली कामांत (पदपथ, दिव्यांचे खांब) टोरांटो महापालिका खर्चाचा अर्धा वाटा उचलते. त्यामुळे वर्गणीच्या रुपयाला रुपया जोडला जातो.

वर्गणीचा बोजा कोणावर, हे बाहेरून बारीक वाटतं पण पुढचं सगळं राजकारण त्यावर ठरतं. सुरुवातीच्या काळात ऑन्टारिओत व्यवसायावर वेगळी करआकारणी होती आणि वर्गणी तिच्या प्रमाणात बसे, म्हणजे थेट दुकान चालवणाऱ्यावर. १९९८ साली तो व्यवसाय कर गेला, आणि वर्गणी मालमत्तेवर बसू लागली. मालक ती भाडेकरूकडून वसूल करतो. आता पेठ सुधारली की भाडं वाढतं, आणि ती सुधारणा ज्याच्या वर्गणीतून झाली त्याच भाडेकरूला वाढीव भाडं परवडेनासं होतं. सावरलेल्या पेठांमधून जुनी, खास मालाची दुकानं जाऊन साखळी दुकानं येणं यामागे हे एक मोठं कारण आहे. ब्लूर वेस्टमध्ये युक्रेनियन आणि पूर्व युरोपीय लोकांची बेकरी, मांस-चीजची दुकानं ही पेठेची ओळख होती. युक्रेनियन उत्सव तिथे सप्टेंबरमध्ये भरतो. पण उत्सवाला गर्दी जमवता येते म्हणून त्या धर्तीची दुकानं वाढत्या भाड्यात टिकतीलच असं नाही, आणि ती टिकवण्याचा अधिकार बीआयएला नाही. कोणतं दुकान यावं हे ती ठरवू शकत नाही.

मग पेठ सावरली ती संघटनेमुळे, पार्किंगमुळे, की आजूबाजूच्या सुस्थितीतल्या वस्तीमुळे? माझ्या मते तिन्ही लागले. घरापासून चालत येणारं गिऱ्हाईक होतं, भुयारी रेल्वेची स्थानकं पेठेतच होती, मागे वाहनतळ होते. संघटनेने जोडलं ते सातत्य. ज्या पेठेभोवतीची वस्तीच उठून गेली आहे, तिथे हीच यंत्रणा रिकाम्या रस्त्यावर सुंदर बाकं ठेवील. तुमच्या गावात जुन्या पेठेच्या दहा मिनिटांच्या अंतरात अजून किती कुटुंबं राहतात, यावर बरंच अवलंबून आहे. शाळा, बँक, पोस्ट, तहसील यांपैकी काय काय पेठेजवळ उरलंय आणि काय बाह्यवळणावर गेलंय, तेही पाहा. एखादं सरकारी कार्यालय हललं तर चहाच्या टपरीपासून झेरॉक्सपर्यंत सगळ्यांचं गणित बदलतं.

ही कल्पना पुढे जिथे गेली तिथे तिचे नियम बदलले. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सने १९७४ साली तिचा पहिला अवतार आणला. इंग्लंडमध्ये २००३च्या कायद्याने वाट मोकळी झाली आणि २००५ साली किंग्स्टनमध्ये पहिलं क्षेत्र सुरू झालं. तिथे विरोध मोजत नाहीत, होकार मोजतात: मतदान करणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्तांचा होकार हवा, शिवाय करमूल्याच्या हिशेबानेही निम्म्याहून जास्त. आणि मुदत जास्तीत जास्त पाच वर्षांची, मग पुन्हा मतदान. मला पाच वर्षांची अट जास्त पटते. ऑन्टारिओच्या पद्धतीत क्षेत्र एकदा झालं की चालू राहतं, आणि मग नव्या दुकानदाराला आपण सभासद आहोत हेच माहीत नसतं. वार्षिक सभेला खुर्च्या रिकाम्या राहतात, ठरावीक पाच जण कारभार हाकतात.

महाराष्ट्रात असा कायदा नाही. नगरपरिषद, नगरपंचायत व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ खाली नगरपरिषद मालमत्ता कर घेते, पण दुकानदारांनी स्वतःहून ठरवलेली वर्गणी त्या बिलात घालून तुम्हाला परत देण्याची सोय त्यात नाही. त्यामुळे ‘नगराध्यक्ष आपले आहेत, ते करतील’ यावर विसंबू नका. सक्ती मिळणार नाही हे धरूनच चाला, आणि सक्तीचं काम दुसऱ्या कशाने होईल ते बघा.

आपल्याकडे जवळचं उदाहरण मुंबईच्या दादाभाई नौरोजी रस्त्याचं, म्हणजे जुन्या हॉर्नबी रोडचं. तिथे दोन्ही बाजूंना पादचाऱ्यांसाठी दगडी कमानींची रांगच आहे, पण दुकानांच्या पाट्यांनी ती झाकून टाकली होती. १९९५च्या वारसा नियमावलीने रस्त्याला संरक्षण मिळालं. पुढे वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांनी पाट्यांची मापं, जागा आणि रस्त्यावरच्या वस्तूंची नियमावली तयार केली. दुकानदारांनी पाट्या बदलल्या, रस्त्यासाठी संघटना उभी राहिली, आणि २००४ साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या कामाची दखल घेतली गेली. नवं काही बांधायच्या आधी जुन्यावरचं झाकण काढलं, हे त्यातलं मर्म. तुमच्या पेठेत लाकडी सज्जे, कोरीव तुळया, जुनी दगडी जोती फ्लेक्समागे असतील तर पहिला खर्च तिथे करा. पत्र्याचा पुढे आलेला बोर्ड उतरवून दाराच्या माथ्यावर सपाट पाटी बसवायची. देवनागरी नाव आधी आणि इतर लिपीपेक्षा लहान नाही, हे तर कायद्यानेही बंधनकारक आहे. मग सगळ्यांनी एकदमच, एकाच पट्टीत पाट्या बदलल्या तर रंगारीही स्वस्तात मिळेल.

आता तुमच्या १८० दुकानांचा हिशेब. आकडे समजण्यापुरते धरले आहेत, तुमचे तुम्ही बदला. एका शटरची १२० दुकानं दरमहा ४०० रुपये, दोन शटरची ४५ दुकानं ७०० रुपये, मोठी १५ दालनं १५०० रुपये. महिन्याला होतात १ लाख २ हजार, वर्षाला १२ लाख २४ हजार. वसुली साठ टक्के झाली तर हातात ७ लाख ३४ हजार. यातून दुपारच्या सफाईला दोन माणसं (१५ हजारांप्रमाणे वर्षाला ३ लाख ६० हजार), इलेक्ट्रिशियनचा वार्षिक करार ६० हजार, अर्धवेळ व्यवस्थापक महिना १२ हजार म्हणजे १ लाख ४४ हजार. एकूण ५ लाख ६४ हजार. उरले १ लाख ७० हजार, त्यात दिवाळी आणि एखादा उत्सव. पहिल्या वर्षीची साठ टक्के वसुली दुसऱ्या वर्षी चाळीसवर आली तर हातात येतात ४ लाख ९० हजार, म्हणजे पगारही भागत नाहीत. म्हणून खर्च साठ टक्क्यांवर बसवा, शंभर टक्क्यांवर नाही. आणि अर्धवेळ व्यवस्थापकाचे पैसे वाचवू नका. सचिव स्वतःचं दुकान सांभाळून हे काम करतो तोवरच सगळं चालतं, त्याच्या मुलीचं लग्न निघालं की तीन महिने सगळं ठप्प.

सक्तीऐवजी मी सशर्त करार सुचवतो. प्रत्येक दुकानदार तीन वर्षांच्या वर्गणीच्या करारावर सही करतो, पण त्यातच लिहायचं की ठरलेल्या तारखेपर्यंत ७० टक्के दुकानांच्या सह्या आल्या तरच करार लागू, नाहीतर कोणाचाही रुपया घेतला जाणार नाही. ‘मी एकटाच दिला आणि बाकीचे मजा बघत बसले’ ही भीती त्याने जाते. वसुली यूपीआयच्या किंवा बँकेच्या ऑटो-डेबिटने. पावती पुस्तक फक्त उरलेल्या जुन्या मंडळींसाठी. हिशेब दर महिन्याच्या पाच तारखेला पेठेतल्या फलकावर, नाव आणि रकमेसह. काही फायदे फक्त वर्गणीदारांना ठेवा: सामाईक गिफ्ट कूपन, एकत्रित जाहिरातीत नाव, घरपोच मालाची सामाईक गाडी. उजेड आणि झाडू सगळ्यांना मिळणारच, पण जाहिरातीत नाव नसलं की शेजारच्या दुकानदाराला ते बरोबर टोचतं.

भाडेकरूंच्या बाबतीत आपली परिस्थिती टोरांटोपेक्षा उलटी आहे. जुन्या पेठेतला पागडीचा भाडेकरू सहजी हलत नाही आणि त्याचं भाडं फारसं वाढत नाही. पेठ सुधारल्याचा फायदा त्यालाच होतो, म्हणून वर्गणी त्याच्याकडूनच घ्या. पण अकरा महिन्यांच्या करारावरचा गाळेवाला पुढच्या वर्षी इथे असेलच असं नाही. त्याच्या गाळ्याची वर्गणी मालकाकडून घ्यायचा आग्रह धरा. मोठ्या मालकांना यात ओढण्याचा हा एकच मार्ग मला दिसतो. बंद शटरचीही यादी करा: किती वर्षं बंद, कारण काय. वारसांचा वाद असेल तर संघटनेच्या हातात फारसं नाही, पण मालक गावाबाहेर राहतो म्हणून बंद असेल तर दिवाळीपुरता गाळा द्यायला तो तयार होतो.

नगरपरिषदेशी सामंजस्य करार करायचा तर सर्वसाधारण सभेच्या ठरावासह करा, मुख्याधिकाऱ्यांची बदली झाली की तोंडी शब्द बदलीबरोबर जातो. कराराला परिशिष्ट जोडा: सध्या पेठेत दिवसातून किती वेळा झाडलं जातं, किती दिवे आहेत, गटार कधी उपसतात. हेच तुमचं ‘त्याच्या पलीकडचं’ मोजायचं माप. संघटना कोणत्या कायद्याखाली नोंदवायची, संस्था म्हणून की कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली, हे सीएला विचारूनच ठरवा. वर्षाची वर्गणी वीस लाखांच्या दिशेने जायला लागली तर जीएसटीचंही त्यालाच विचारा.

रस्त्यावरच्या गोष्टींत सगळ्यात मोठी चूक पार्किंगबद्दल होते. प्रत्येक दुकानदार म्हणतो, गिऱ्हाईकाला गाडी लावायला जागा नाही. दहा फुटांच्या दर्शनी भागासमोर तीन दुचाकी मावतात. मालकाची एक, दोन नोकरांच्या दोन, झालं. हे वाद घालून पटत नाही, मोजून पटतं. सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत दर तासाला पेठेतून एक चक्कर, प्रत्येक गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वहीत. ज्या गाड्या सलग तीन फेऱ्यांत दिसतात त्या बहुतेक दुकानांच्याच असतात. आठवडी बाजाराचा दिवस, एखादा मंगळवार आणि शनिवार, असे तीन दिवस पुरतात. तुमच्याकडे शाळेचं मैदान, देवस्थानाची जागा किंवा जुना मालधक्का जवळ असेल तर दुकानांच्या गाड्या तिथे हलवणं हे माझ्या लेखी पहिल्या वर्षाचं पहिलं काम. त्याला खर्च जवळपास शून्य, आणि महिन्याभरात दिसतं. अधीर सभासदांना दाखवायला हे कमानीपेक्षा चांगलं.

माणसंही मोजा. पेठेची दोन टोकं आणि मधला चौक, प्रत्येक तासातली पंधरा मिनिटं, येणारे-जाणारे दोन्ही, आणि आकड्याला चारने गुणा. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात पुन्हा. हे नसेल तर ‘फरक पडला’ आणि ‘काही फरक नाही’ अशा दोन गटांत सभा वाटली जाते आणि दोघांकडेही पुरावा नसतो.

फेरीवाल्यांना हटवून सुरुवात करू नका. केंद्राच्या २०१४च्या कायद्याने सर्वेक्षण आणि शहर फेरीवाला समितीशिवाय ते करताही येत नाही. त्या समितीत ४० टक्के जागा फेरीवाल्यांच्या असतात आणि व्यापारी संघटनेलाही स्थान असतं, ते मागून घ्या. शिवाय भाजीवाली उठली की तिच्याकडे रोज येणारी बाई तुमच्या दारावरून जायची थांबते. आधी स्वतःचा ओटा, ताडपत्री आणि पदपथावर मांडलेला माल आत घ्या. पांढरी रेघ मारा, तीन फूट मोकळे ठेवा. हे स्वतः केल्याशिवाय दुसऱ्याला सांगायला तोंड राहत नाही.

उजेडाचं थोडं. रस्त्याचे उंच खांब गाड्यांसाठी असतात. चालणाऱ्यासाठी चार-पाच मीटर उंचीचे, पिवळसर प्रकाशाचे, जवळजवळ लावलेले दिवे लागतात. माळा एका पावसाळ्यात गळतात. कुंड्या ठेवायच्या तर एप्रिल-मेमध्ये रोज पाणी घालणारा माणूस आधी ठरवा, नाहीतर दोन महिन्यांत त्यांत पानाच्या पिचकाऱ्या. उत्सवासाठी रस्ता बंद करायचा असेल तर लक्षात ठेवा: वडापाव आणि आइस्क्रीमवाल्याची चांदी होते, साड्यांच्या दुकानदाराचा शनिवार बुडतो. कापड आणि सोन्याच्या दुकानांना विचारून तारीख ठरवा. मुहूर्ताच्या खरेदीच्या आठवड्यात तर मुळीच नको.

क्रम मी असा ठेवीन: पहिल्या दोन महिन्यांत मोजणी आणि दुकानांच्या गाड्या बाहेर. मग सशर्त कराराच्या सह्या, त्याला चार महिने लागतात. सह्या सत्तर टक्क्यांवर गेल्या की नगरपरिषदेचा ठराव आणि दुपारची सफाई. पाट्या दुसऱ्या वर्षी. सह्या पन्नास टक्क्यांवर अडकल्या तर हद्द कमी करा. संपूर्ण पेठेऐवजी चौकापासून देवळापर्यंतची साठ दुकानं घ्या. ब्लूरवाल्यांनीही सगळा रस्ता घेतला नव्हता, रनीमीड-जेनच्या आसपासचा तुकडाच घेतला होता. कमानीचा विषय त्यानंतरच्या सभेत पुन्हा येऊ द्या. तेव्हा खर्चाच्या कागदावर तिच्या विजेचं मीटर कोणाच्या नावावर असेल आणि दरमहाचं बिल कोणत्या रकान्यातून जाईल, हे दोन रकाने आधी भरून घ्या.